विली ब्रांट आणि वॉर्सा भेट

विली ब्रांट यांचे मूळ नाव हर्बर्ट फ्राम. जन्म १८ डिसेंबर १९१३ रोजी जर्मनीतील ल्युबेक शहरात झाला. आई अविवाहित, दुकानात काम करणारी. वडिलांची भेट कधी झालीच नाही. आजोबांनी त्यांना वाढवलं. शाळेत असतानाच ते समाजवादी चळवळीत ओढले गेले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि एकोणीस वर्षांच्या या तरुणाला नॉर्वेला पळून जावं लागलं. नाझींना चुकवण्यासाठी घेतलेलं टोपणनाव जन्मभर टिकलं. १९३८ मध्ये त्यांचं जर्मन नागरिकत्वही काढून घेण्यात आलं.

युद्ध संपल्यावर ते परतले. १९५७ मध्ये पश्चिम बर्लिनचे महापौर झाले. १९६१ साली शहरात भिंत उभी राहिली तेव्हाही तेच महापौर होते. तुम्ही देश सोडून पळालात, असे टोमणे विरोधक निवडणुकीत मारत. जन्मावरूनही बोललं जाई. तरी १९६९ मध्ये ते पश्चिम जर्मनीचे चान्सलर झाले.

डिसेंबर १९७० मध्ये ते करारासाठी पोलंडची राजधानी वॉर्सा इथे गेले. ओडर-नायसे नद्यांची सीमा मान्य करायची, म्हणजे युद्धात गमावलेल्या पूर्वेकडच्या मुलखावरचा हक्क जवळपास सोडायचा. तिथून हुसकावलेल्या लाखो जर्मनांना हे झोंबणारच.

७ डिसेंबरला ते ज्यूंच्या वस्तीतील १९४३ च्या उठावाच्या स्मारकापाशी गेले. पुष्पचक्र वाहिलं, त्याच्या फिती नीट केल्या, मागे सरकले आणि ओल्या दगडावर एकदम गुडघे टेकले. मान खाली, हात समोर. एक शब्द नाही. कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतंच.

वर्गात हा प्रसंग सांगितला की एखादं मूल हमखास विचारतं, यांनी तर काहीच केलं नव्हतं, मग हे का वाकले? प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर देण्याची घाई करू नये, मुलांनाच बोलू द्यावं.

जर्मनीत तेव्हा एका साप्ताहिकाने पाहणी केली. ४८ टक्के लोकांना ते अति वाटलं, ४१ टक्क्यांना योग्य. पोलंडच्या सरकारी वृत्तपत्रांनीही तो फोटो फारसा दाखवला नाही.

१९७१ मध्ये ब्रांट यांना शांततेचं नोबेल मिळालं. १९७४ मध्ये त्यांच्याच कार्यालयातला एक अधिकारी पूर्व जर्मनीचा हेर निघाला आणि त्यांनी राजीनामा दिला. ८ ऑक्टोबर १९९२ रोजी ते वारले. वॉर्सात त्या स्मारकाजवळच्या चौकाला आता त्यांचं नाव आहे, आणि २००० सालापासून तिथे एक छोटं स्मारकही आहे. त्यावर गुडघे टेकलेले ब्रांट कोरले आहेत.