लोकनायकांना शोभणारे स्मारक

माधव श्रीहरी तथा बापूजी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. १९०८ मध्ये यवतमाळात वकिली सुरू करण्यापूर्वी ते अमरावतीला शाळेत शिक्षक होते. त्यांच्यातील शिक्षक पुढेही लोपला नाही. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून लोकमान्यांच्या या अनुयायाने कायदा उघडपणे मोडला आणि तुरुंगवास पत्करला. अन्याय्य कायदा मोडणाऱ्याने शिक्षाही स्वीकारावी, याचा तो जाहीर पाठ होता. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर त्यांनी ते पद सोडले. पुढे ते बिहारचे राज्यपाल झाले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

अशा पुरुषाचे नाव चौकाला देणे सोपे आहे. परंतु त्या नावाला खरे शोभेल ते यवतमाळातील कायद्याचे अध्यासन. मूळ ठेवीला हात न लावता केवळ व्याजावर एका प्राध्यापकाचे वेतन पिढ्यान्‌पिढ्या चालावे, ही त्यामागची कल्पना. २००६ साली वनहक्क कायदा झाला, तरी ग्रामसभेपुढे दावा कसा मांडावा, पुरावे कोणते जोडावेत, हे शिकविणारा जाणकार लागतोच. ज्या जिल्ह्यात गवताच्या काडीसाठी वकील तुरुंगात गेला, तेथे जंगलाचा कायदा शिकविणारा अध्यापक असणे, हे त्याचे यथार्थ स्मारक होय. पुतळ्याला वर्षातून एकदा हार पडतो. अध्यापकापुढे रोज नवा विद्यार्थी बसतो.