खोतीचे बिल आणि बाबासाहेब

आमचे पनवेल तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. तिथली कुळे खोतांच्या जाचाने पिचली होती. अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षे संप केला. जमिनी पडीक ठेवल्या, पण खोतापुढे वाकले नाहीत. स्वतंत्र मजूर पक्ष काढून मुंबई विधिमंडळात गेलेल्या बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातला शेतकरी मोर्चाने विधिमंडळावर धडकला. महार, कुणबी, आगरी एकत्र! पण सरकार काँग्रेसचे. बिल मंजूर झाले नाही. खोती संपवणारा कायदा आला तो १९४९ मध्ये.

त्या वेळी बाबासाहेब दिल्लीत कायदामंत्री होते. तिथेही तेच. हिंदू कोड बिल रखडवले गेले, म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला. मग ते राज्यसभेवर गेले. संसदेने १९५५-५६ मध्ये त्याच बिलाचे तुकडे करून चार कायदे केले.

मते मागायला आमच्या वस्तीत येणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो, सभागृहात तुम्ही स्वतः मांडलेले बिल कोणते?