काटकोनाची हरवलेली बाजू शोधणारे भास्कराचार्य

सोनगीरच्या किल्ल्याच्या तटाला शिडी लावायची, तर ती किती लांब हवी? तटाची उंची आणि पायथ्यापासूनचे अंतर ठाऊक असल्यास उत्तर मिळते. हे गणित रंजक करणारे भास्कराचार्य याच खान्देशाशी जोडलेले.

इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांना पिता महेश्वर यांच्याकडूनच विद्या लाभली. वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्यातील ‘लीलावती’त भुज, कोटी व कर्ण यांपैकी दोहोंवरून तिसरी बाजू काढण्याची रीत आहे. ३२ हात उंच वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर टेकले, तर तो मोडला कोठे? १२ हातांवर. उरलेले २० हात म्हणजे कर्ण. १२ व १६ यांच्या वर्गांची बेरीज ४००, तिचे वर्गमूळ २०.

ही विद्या लोपू नये म्हणून नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापला. इ.स. १२०७ च्या शिलालेखात त्याला मिळालेल्या दानाची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. मठ काळाच्या उदरात गडप झाला. ‘लीलावती’ मात्र १५८७ मध्ये फैजीने फारसीत नेली आणि आजोबांची विद्या टिकावी ही नातवाची इच्छा सफल झाली.