पूल टेबलवर पांढरा बॉल कुठे जाणार, याचं गणित मांडणारा माणूस क्यूसाठी नाही, तर वाऱ्यांसाठी ओळखला जातो

पूल खेळणाऱ्या प्रत्येकाचा हा अनुभव असतो. नेम परफेक्ट लागतो, रंगीत बॉल पॉकेटमध्ये जातो, टाळ्या पडतात आणि मागोमाग पांढरा बॉलही निवांतपणे दुसऱ्या पॉकेटमध्ये जाऊन पडतो. फाऊल. मग आपण नशिबाला, टेबलला नाहीतर क्यूला शिव्या घालतो.

पण यात नशिबाचा भाग फार थोडा असतो. पांढरा बॉल धडकेनंतर कुठे वळणार, किती वळणार आणि का वळणार, याचं गणित १८३५ मध्येच पुस्तकात छापून आलं होतं. लिहिणारा कोणी बिलियर्ड्सचा चॅम्पियन नव्हता. तो तब्येतीने कायम खचलेला, पॅरिसमधला एक शिक्षक आणि इंजिनिअर होता. नाव गॅस्पार-ग्युस्ताव्ह द कोरिओलिस.

हो, तोच. भूगोलात वाऱ्यांच्या धड्यात ज्याचं नाव येतं तो कोरिओलिस.

त्याचा जन्म २१ मे १७९२ चा, पॅरिसचा. टायमिंग अतिशय वाईट. फ्रेंच राज्यक्रांती ऐन भरात होती आणि त्याचे वडील राजाच्या सैन्यातले अधिकारी होते. राजनिष्ठ माणसाने पॅरिसमध्ये राहणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे हे कुटुंब पूर्वेकडच्या नान्सी शहरात गेलं. तिथे वडिलांनी उद्योग सुरू केला आणि पोरगं तिथेच वाढलं, शिकलं.

१८०८ मध्ये त्याने एकोल पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा दिली. आपल्याकडे आयआयटीचं जे वजन आहे, तेच तेव्हा फ्रान्समध्ये या संस्थेचं होतं. कोरिओलिस त्या परीक्षेत दुसरा आला. पुढे रस्ते आणि पूल बांधणारे इंजिनिअर घडवणाऱ्या सरकारी संस्थेत त्याने शिक्षण घेतलं आणि काही वर्षं व्हॉज पर्वताच्या भागात कामही केलं.

पण वडील गेले आणि घराची जबाबदारी त्याच्यावर आली. त्यात तब्येत आधीपासूनच नाजूक. साईटवरची धावपळ झेपणारी नव्हती. तेव्हा गणितज्ञ कोशीच्या शिफारशीवरून १८१६ मध्ये त्याला एकोल पॉलिटेक्निकमध्येच शिकवण्याची नोकरी मिळाली. पुढचं सगळं आयुष्य मग पॅरिसमध्ये शिकवण्यात आणि लिहिण्यात गेलं.

इंजिनिअर असल्यामुळे त्याच्या डोक्यात कायम यंत्रं असायची. पाणचक्की किती काम करते? घर्षणात किती शक्ती वाया जाते? १८२९ मध्ये त्याने यंत्रांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने कार्य या शब्दाला विज्ञानातला नेमका अर्थ दिला. आज आपण शाळेत बल गुणिले विस्थापन असं जे कार्य शिकतो, ते हेच. गतिज ऊर्जेच्या सूत्रात सुरुवातीला जो अर्धा येतो, तो तिथे पक्का बसवण्याचं श्रेयही त्याचंच. हा अर्धा विसरल्यामुळे आपल्यापैकी किती जणांचे मार्क गेले असतील, ते सोडा.

आता बिलियर्ड्सकडे येऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये या खेळात एक मोठा बदल झाला. क्यूच्या टोकाला चामड्याची टिप लागली. याचं श्रेय फ्रान्स्वा मँगो या फ्रेंच खेळाडूला दिलं जातं. नुसतं लाकडी टोक बॉलच्या कडेला मारलं की घसरायचं. चामड्याची टिप मात्र बॉलला धरून ठेवते. त्यामुळे बॉलला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मारून हवा तसा स्पिन देता येऊ लागला. पांढरा बॉल पुढे जाऊन मागे यायला लागला, वाटेत वळायला लागला. बघणाऱ्यांना ही जादूच वाटायची.

कोरिओलिसला मात्र त्यात यंत्र दिसलं. टेबलवर एक गोल आहे, त्याला सरळ वेग आहे, स्वतःभोवती फिरणं आहे आणि खाली कापडाचं घर्षण आहे. म्हणजे गणित मांडता यायलाच हवं. ते त्याने मांडलं आणि १८३५ मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावरचं त्याचं पुस्तक आलं.

त्यात काय होतं, हे सोप्या भाषेत बघू.

समजा पांढरा बॉल अजिबात न फिरता, नुसता घसरत जाऊन दुसऱ्या बॉलवर तिरका आदळला. दोन्ही बॉलचं वजन सारखं. धडकेच्या क्षणी दोन्ही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेतला जवळपास सगळा वेग दुसरा बॉल घेऊन जातो. पांढऱ्याकडे उरतो तो फक्त त्या रेषेला काटकोनात असलेला वेग. म्हणून दोन्ही बॉल एकमेकांशी जवळपास ९० अंशांचा कोन करून निघतात. समोरासमोर धडक असेल तर पांढरा जागीच थांबतो.

पण बहुतेक शॉटमध्ये पांढरा बॉल घसरत नसतो, लोळत असतो. म्हणजे त्याच्याकडे पुढे फिरण्याचा स्पिन असतो. धडकेत वेग जातो, पण हा स्पिन जवळपास तसाच शिल्लक राहतो. बॉल आधी काटकोनाच्या दिशेने निघतो, मग स्पिन कापडाला पकडतो आणि त्याला पुढच्या बाजूला खेचतो. बॅक स्पिन असेल तर हीच ओढ मागच्या बाजूला. कोरिओलिसने दाखवलं की बॉल घसरत असेपर्यंत ही वळणारी वाट पॅराबोलाची असते. हवेत फेकलेल्या दगडाची असते तशीच. घसरणं संपून लोळणं सुरू झालं की वाट सरळ होते.

यातून एक भारी आकडा निघतो. लोळत येणारा पांढरा बॉल धडकेनंतर आपल्या मूळ दिशेपासून जास्तीत जास्त सुमारे ३३.७ अंश वळू शकतो. अर्धा बॉल झाकला जाईल असा शॉट मारला की जवळपास हाच कोन मिळतो. गंमत म्हणजे पाव बॉलपासून पाऊण बॉलपर्यंत कुठेही धडक दिली, तरी कोन २७ ते ३४ अंशांच्या आसपासच राहतो. आज पूलचे कोच ३० अंशांचा नियम म्हणून जे शिकवतात, त्याचं मूळ या गणितात आहे.

अजून एक प्रश्न होता. बॉलला जास्तीत जास्त साईड स्पिन द्यायचा तर किती कडेला मारायचं? बऱ्याच जणांना वाटतं, जितकं कडेला तितकं चांगलं. कोरिओलिसचं उत्तर होतं, मध्यापासून अर्ध्या त्रिज्येवर. आजच्या पूल बॉलवर हे अंतर साधारण १४ मिलिमीटर भरतं. त्याच्या पलीकडे गेलात तर फायदा नाही, वर क्यू घसरायची भीती.

आणि क्यू उभा धरून बॉलला गर्रकन वळवणारा मासे शॉट? त्याचंही उत्तर त्याने दिलं. क्यूची रेषा खाली टेबलपर्यंत वाढवा. ती जिथे टेबलला भेटते तो एक बिंदू. बॉल जिथे टेकला आहे तो दुसरा. या दोघांना जोडणारी रेषा ज्या दिशेला जाते, वळून झाल्यावर बॉल त्याच दिशेला समांतर जातो. कापड गुळगुळीत असो की खरखरीत, शेवटची दिशा तीच.

त्याच १८३५ मध्ये त्याने आणखी एक लेख प्रसिद्ध केला. विषय फिरणाऱ्या यंत्रांमधल्या भागांची गती. वारे, समुद्र, पृथ्वी यांचा त्यात विषयच नव्हता. पण पृथ्वी हेसुद्धा एक फिरणारं यंत्रच. पुढे विसाव्या शतकात हवामानशास्त्रज्ञांनी हे गणित उचललं आणि त्याला कोरिओलिसचं नाव चिकटलं. दक्षिण गोलार्धातून येणारे वारे विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून आपल्या कोकण किनाऱ्यावर पाऊस घेऊन येतात, त्यामागे हाच परिणाम आहे.

हे सगळं बघायला तो नव्हता. १८३६ मध्ये नाव्हिएच्या मृत्यूनंतर त्याची प्राध्यापकाची जागा कोरिओलिसला मिळाली आणि विज्ञान अकादमीतही निवड झाली. १८३८ मध्ये तो एकोल पॉलिटेक्निकचा अभ्यासप्रमुख झाला. तिथे त्याने वर्गांसाठी पाणी थंड ठेवणारे कूलर बसवून घेतले. विद्यार्थ्यांनी त्या कूलरलाच कोरिओ म्हणायला सुरुवात केली. पण तब्येत ढासळतच गेली. १९ सप्टेंबर १८४३ ला, वयाच्या ५१ व्या वर्षी तो गेला. यंत्रांवरच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती त्याच्या हातात होती, ती त्याच्या मृत्यूनंतर १८४४ मध्ये छापली गेली.

आयफेल टॉवरवर फ्रान्सच्या ७२ शास्त्रज्ञ आणि इंजिनिअरांची नावं कोरली आहेत. त्यात कोरिओलिस आहे. बिलियर्ड्सचं पुस्तक मात्र मागे पडलं, ते इंग्रजीत यायला एकविसावं शतक उजाडलं. तोपर्यंत लाखो खेळाडूंनी तेच नियम चुकत-माकत, टेबलवर तासन् तास घालवून स्वतः शोधून काढले होते.

पुढच्या वेळी पूल खेळाल तेव्हा एक करून बघा. लोळणाऱ्या बॉलने अर्धा बॉल झाकणारा शॉट मारण्याआधी मूळ दिशेपासून साधारण ३० अंशांवर कोणतं पॉकेट येतंय, ते तपासा. तिथे पॉकेट असेल, तर शॉट बदला.