नाव परत मिळवणारा ‘पॉकेट हर्क्युलिस’

समजा, उद्या कॉलेजात हजेरी घेताना तुमचं नावच बदललेलं निघालं तर? कारकुनाची चूक नाही, सरकारी हुकूम! नईमच्या बाबतीत हेच झालं.

1967 साली बल्गेरियातल्या तुर्की कुटुंबात जन्मलेला नईम सुलेमानोव्ह. उंची जेमतेम 147 सेंटिमीटर, पण शाळकरी वयातच मोठ्यांच्या गटात जागतिक विक्रम! 1984 च्या ऑलिंपिकवर बल्गेरियाने बहिष्कार टाकला, पदक हुकलं. पाठोपाठ सरकारने तुर्की अल्पसंख्याकांची नावं सक्तीने बदलायला घेतली. नईमचा झाला ‘नाउम शालामानोव्ह’.

1986 च्या डिसेंबरात मेलबर्नची स्पर्धा आटोपली आणि गडी संघातून सटकला, तो थेट तुर्कस्तानात. आता आडनावही तुर्की वळणाचं, सुलेमानोग्लू. नव्या देशाकडून लगेच ऑलिंपिक खेळायचं तर जुन्या देशाची परवानगी हवी. त्यासाठी तुर्कस्तानने बल्गेरियाला दहा लाखांवर डॉलर मोजले.

ते फिटले सोलमध्ये, 1988 साली. गट 60 किलोचा. स्नॅच 152.5, क्लीन अँड जर्क 190, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त! एकूण 342.5 किलो, वरच्या गटातल्या विजेत्यापेक्षाही अडीच किलो अधिक.

पुढे बार्सिलोना, अटलांटा. सलग तीन सुवर्णपदकं! अटलांटात ग्रीसचा लिओनिडिस अडीच किलोंनीच हरला. 2017 मध्ये नईम गेला, तेव्हा अंत्ययात्रेला हाच लिओनिडिस इस्तंबूलला आला होता.

मित्रांनो, हजेरीत आपण सहज ‘प्रेझेंट’ म्हणतो. नईमला तेवढ्यासाठी घर, गाव, देश सोडावा लागला.