विश्लेषण : शेरलॉक होम्सच्या तोंडी वाकडा पाइप आला कुठून?

दादरच्या पुस्तकांच्या दुकानात शेरलॉक होम्सचे मराठी भाषांतर उचला. मुखपृष्ठावर बहुधा वाकड्या दांडीचा पाइप दिसेल. आर्थर कॉनन डॉयल यांच्या कथांत होम्स पाइप ओढतो, पण तो वाकडा असल्याचे कुठेही म्हटलेले नाही. हा पाइप रंगभूमीवरून आला, विल्यम जिलेट या अमेरिकी नट-नाटककाराकडून. सरळ पाइप दातांत धरून संवाद म्हणणे अवघड, म्हणून त्यांनी वाकडा निवडला, असे सांगितले जाते.

कोण होते जिलेट?

जन्म १८५३, कनेक्टिकटमधील हार्टफर्ड. वडील सिनेटर, मुलगा नाटकवेडा. १८८८मध्ये पत्नी हेलन गेल्या आणि जिलेट खचले. त्यात क्षयाने गाठले. काही काळ ते रंगभूमीपासून दूरच राहिले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

नाटक कसे घडले?

डॉयल १८९३मध्ये होम्सला धबधब्यात लोटून मोकळे झाले होते. पुढे त्यांनी त्याच्यावर लिहिलेले नाटक निर्माते चार्ल्स फ्रोमन यांच्यामार्फत जिलेट यांच्याकडे आले. जिलेट यांनी ते जवळपास नव्याने लिहिले. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, तसाच हा प्रकार : सांगाडा दुसऱ्याचा, रक्तमांस आपले. १८९८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील हॉटेलच्या आगीत हस्तलिखित जळाले. त्यांनी ते पुन्हा लिहिले. होम्सचे लग्न लावले तर चालेल का, असे तारेने विचारल्यावर डॉयल यांनी हवे ते करण्याची मुभा दिली.

त्यामुळे नाटकाच्या शेवटी होम्स चक्क प्रेमात पडतो. कट्टर चाहते आजही यावर नाक मुरडतात. पण लिहिणारा दहा वर्षे विधुर होता, हे लक्षात घेतले की तो शेवट निव्वळ गल्लाभरू वाटत नाही.

६ नोव्हेंबर १८९९ रोजी न्यू यॉर्कच्या गॅरिक थिएटरमध्ये नाटक उघडले. जिलेट यांनी होम्सचे सुमारे १,३०० प्रयोग केले. नाटकातल्या बिली या पोऱ्याचे काम १९०५मध्ये लंडनमध्ये किशोरवयीन चार्ली चॅप्लिनने केले. पुढे डॉयल यांनीच हा बिली आपल्या कथांत घेतला. उधारी उलट्या दिशेनेही झाली म्हणायची.

जिलेट १९३७मध्ये वारले. त्यांचा १९१६चा होम्सवरील मूकपट हरवल्याचे मानले जात होते. २०१४मध्ये त्याची प्रत फ्रान्समधील चित्रपट संग्रहालयात सापडली.