चिमूरची हकिकत सांगणारा बिनतारी आवाज

१६ ऑगस्ट १९४२ रोजी आपल्या जिल्ह्यातील चिमूर इंग्रज सत्तेविरुद्ध उठले. पाठोपाठ फौज आली आणि गावावर अत्याचार झाले. वर्तमानपत्रांवर निर्बंध असताना चिमूर-आष्टीची ही हकिकत मुंबईतल्या एका गुप्त रेडिओने देशाला ऐकवली. त्यामागे होत्या बावीस वर्षांच्या उषा मेहता.

त्यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस गावी झाला. वडील न्यायाधीश होते. आठव्या वर्षीच त्या सायमन कमिशनविरोधी मोर्चात चालल्या. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन त्या कायदा शिकू लागल्या. 'चले जाव'ची हाक येताच शिक्षण सोडले.

२७ ऑगस्टला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर सुरू झाला. चंद्रकांत झवेरी यांच्यासारखे सहकारी सोबत होते, शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींनी यंत्रसामग्री दिली आणि राममनोहर लोहियांचेही बळ मिळाले. या लांबीच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात. मध्ये तार किंवा मनोरा लागत नाही. पण त्याच लहरींचा माग काढत पोलीसही येतात, म्हणून केंद्राची जागा सतत बदलावी लागे.

याच पट्ट्यात आज हौशी रेडिओचालक, म्हणजे 'हॅम', पिशवीत मावणाऱ्या, बॅटरीवरच्या संचाने बोलतात. आवाजाला अडीच-तीन किलोहर्ट्झ रुंदीची वाट लागते. मोर्सला किंवा लिखित संदेशाला तिचा लहानसा अंश पुरतो. संचाची ताकद अरुंद वाटेत एकवटते, म्हणून खरखराटात आवाज बुडाला तरी छोटा संदेश पोहोचतो.

१२ नोव्हेंबरला पोलिसांनी केंद्रावर छापा घातला. सहा महिने कसून चौकशी झाली. उषाताईंनी तोंड उघडले नाही. चार वर्षांची शिक्षा होऊन त्या येरवड्याला गेल्या. तुरुंगात प्रकृती ढासळली, तेव्हा पहाऱ्यात जे. जे. रुग्णालयात ठेवावे लागले. १९४६ मध्ये सुटल्या, पण शरीर पूर्वीचे राहिले नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या. कोंडवास आणि सततचा ताण यांचा हिशेब शरीर पुढे कित्येक वर्षे चुकते करते, हे आम्हा डॉक्टरांना रोज दिसते.

तरीही त्यांनी गांधीविचारावर पीएच.डी. केली, विल्सनमध्ये सुमारे तीस वर्षे शिकवले. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ऑगस्ट २००० मध्ये अंगात ताप असताना त्या क्रांती मैदानावरील सोहळ्याला गेल्या, थकून परतल्या आणि ११ ऑगस्टला, ऐंशीव्या वर्षी गेल्या.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क आजही तुटतो. मोबाइलचा मनोरा बंद पडला, तर सर्पदंशाची किंवा अडलेल्या बाळंतिणीची खबर कशी कळवायची? हॅमचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन मिळतो आणि बारा वर्षांपुढील कोणीही ती देऊ शकतो. प्रत्येक तालुक्यात असे दोघे-चौघे तयार असावेत. गाव, रुग्णाचे वय, लक्षणे, कधीपासून आणि काय हवे, एवढे पाच शब्दगट नीट पाठवण्याचा सराव मात्र पूर येण्याआधीच व्हायला हवा.